रबराच्या मळ्यातून विद्यापीठात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कॉलेजातलं वाङ्मय मंडळ तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलं असेल. ऑगस्टमध्ये त्याचं उद्घाटन होतं. एखादे लेखक बोलावतात. हार, नारळ, समई, सगळं यथासांग होतं. पाहुणे तासभर बोलतात आणि मागच्या बाकांवरची मुलं अर्ध्या तासातच पसार होतात. मग फेब्रुवारीत एक भित्तिपत्रक लागतं आणि मंडळ झोपी जातं, ते पुढच्या ऑगस्टपर्यंत. विद्यार्थी असताना मी अशा मंडळाची सचिव होते. पुढं सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा तिथल्या मंडळाचं कामही कुणीतरी माझ्याच गळ्यात घातलं. दर वर्षी तोच नारळ आणि तेच भित्तिपत्रक. मला वाटायचं, याला इलाज नाही. मुलं तीन वर्षांनी जाणारच. ज्या संस्थेतली सगळीच्या सगळी माणसं तीन वर्षांत बदलतात, ती संस्था वाढणार तरी कशी?

याचं उत्तर मला पार परमुलखात आणि मला न वाचता येणाऱ्या भाषेत मिळालं. आज त्याविषयी थोडं सांगणार आहे.

१९९६ साली यजमानांची मलेशियात क्वालालंपूरला बदली झाली. मी कॉलेजातून बिनपगारी रजा घेतली आणि तिथल्या मलाया विद्यापीठात संशोधनासाठी नाव घातलं. विषय होता रबराच्या झाडाची साल. विद्यापीठाच्या आवारातच एक मोठी वनस्पती बाग आहे, तिचं नाव ‘रिंबा इल्मू’, म्हणजे ज्ञानाचं अरण्य. मलय भाषेत असे ओळखीचे शब्द पावलोपावली भेटतात. भाषेला ‘बहासा’ म्हणतात. विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला ‘महासिस्वा’, म्हणजे आपला महाशिष्य. दुकानाला म्हणतात ‘कडाय’, तो तमिळ ‘कडै’वरून आलेला आहे. परक्या देशात असा एखादा शब्द भेटला की गावाकडचं माणूस भेटल्यासारखं वाटतं.

पहिल्याच महिन्यात एके सकाळी मी हातात चीक काढायची सुरी घेऊन एका झाडापुढं उभी होते. पुस्तकातली आकृती मला पाठ होती, पण हात चालत नव्हता. तेवढ्यात मागून आवाज आला, “अक्का, असं नाही.” विज्ञान शाखेच्या शेवटच्या वर्षाचा एक सावळा, हडकुळा मुलगा होता. त्यानं माझ्या हातातली सुरी घेतली आणि डावीकडून उजवीकडं उतरता, कागदाइतका पातळ काप घेतला. आतल्या लाकडाला सुरी लागली नाही. ती लागली तर झाडाला जखम होते, नवी साल नीट धरत नाही आणि पुढची कित्येक वर्षं तिथून चीक मिळत नाही. काप पुरा होईतो त्याच्या कडेनं पांढरे थेंब जमून खाली ओघळायला लागले होते. मी विचारलं, “कुठं शिकलास?” तो म्हणाला, “आईबरोबर.”

तो रबराच्या मळ्यातला होता. त्याची आई पहाटे अंधारातच कामावर जायची, कारण गारव्यात चीक जास्त वाहतो. कपाळाला दिवा बांधून एका रांगेतली झाडं कापत जायचं आणि ऊन चढायच्या आत त्याच रांगेनं परत येऊन वाट्यांमधला चीक बादलीत जमा करायचा. कामाआधीच्या हजेरीला त्या लोकांच्या बोलीत ‘पेरट्टु’ म्हणतात. इंग्रज साहेबाच्या ‘परेड’चं ते तमिळ रूप. हा मुलगा आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून शाळेआधी आईबरोबर जायचा.

आमच्या सांगली-कोल्हापूरकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात आणि तमिळमध्येही अक्का म्हणजे थोरली बहीणच. तेव्हा मी त्याची अक्का झाले. त्याला मी ‘तंबी’ म्हणू लागले. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. मराठीत आपण तंबी देतो ती वेगळी, आणि ती द्यायची वेळ या मुलानं माझ्यावर कधी आणली नाही. उलट एकदा त्यालाच मला द्यावी लागली असती, पण ते पुढं येईल.

हा तंबी विद्यापीठातल्या तमिळ विद्यार्थ्यांच्या संघाचा चिटणीस होता. मलय भाषेतलं त्याचं अधिकृत नाव ‘पर्सातुआन बहासा तमिळ’, पण मुलं नुसतं ‘पेरवै’ म्हणायची. पेरवै म्हणजे सभा.

आता थोडा इतिहास सांगायला हवा, त्याशिवाय या सभेचं मोल कळणार नाही.

मलायात रबराची लागवड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत भरभराटीला आली. मजूर आणले तामिळनाडूतून. मळ्यावरचा मुकादम, ज्याला ‘कंगाणी’ म्हणत, तो आपल्या गावी जाऊन माणसं गोळा करून आणायचा. १९३८ साली भारत सरकारनं अशा मजूरभरतीवर बंदी घातली, तोवर लाखो माणसं तिकडं गेलेली होती. लांबच लांब चाळींत ती राहायची. मळ्यात शाळेच्या वयाची दहा मुलं असतील तर मालकानं शाळा काढावी असा कायदा ब्रिटिशांनीच केला होता. मालक ती काढायचेही. बऱ्याचदा एक खोली, एक मास्तर आणि सगळ्या इयत्ता एकत्र. १९५७ साली मलाया स्वतंत्र झाला तेव्हा अशा तमिळ शाळा आठशेहून अधिक होत्या. आज त्या पाचशेच्या थोड्या वर आहेत. पण या शाळा सहावीपर्यंतच. त्यानंतर मूल मलय माध्यमाच्या शाळेत जातं, आणि बऱ्याचदा त्याआधी एक वर्ष नुसतं मलय भाषा पक्की करण्याच्या वर्गात काढतं. म्हणजे मळ्यातलं मूल इतरांच्या एक वर्ष मागूनच चालू लागतं. या वाटेनं विद्यापीठापर्यंत पोचायचं म्हणजे काय, ते तुमच्या लक्षात येईल.

विद्यापीठाची कथा निराळी आहे. मलाया विद्यापीठ १९४९ साली सिंगापूरमध्ये स्थापन झालं. तिथं भारतविद्येचा विभाग काढायचं ठरलं, तेव्हा वाद पेटला की त्यात मान कोणत्या भाषेला, संस्कृतला की तमिळला? सिंगापूरच्या ‘तमिळ मुरसु’ या दैनिकाचे संपादक गो. सारंगपाणी यांनी तमिळची बाजू उचलून धरली आणि ‘तमिळ आमचा प्राण’ अशा नावानं निधी उभारला. त्यासाठी सामान्य माणसांनी लहान लहान रकमा दिल्या. १९५६ साली विभाग सुरू झाला, पुढं तो क्वालालंपूरला आला. संस्कृतविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण त्या देशातल्या भारतीयांपैकी बहुतेकांच्या घरात जी भाषा बोलली जात होती, तिला विद्यापीठात जागा मागायला वर्गणी काढावी लागली, हे मला आजही विचित्र वाटतं.

१९६१ साली या विभागाचे प्रमुख म्हणून फादर झेवियर तनिनायगम आले. मूळचे श्रीलंकेतल्या जाफन्याकडचे, कॅथलिक धर्मगुरू आणि तमिळचे गाढे अभ्यासक. अंताँव द प्रोएन्सा या पाद्र्याचा तमिळ-पोर्तुगीज कोश १६७९ साली छापला गेला होता. तो तनिनायगम यांनी १९६६ मध्ये क्वालालंपूरहून पुन्हा प्रसिद्ध केला. आपल्याकडं फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’शी ज्यांची ओळख आहे, त्यांना या जातीच्या पाद्र्यांचं नवल वाटणार नाही. पण तनिनायगम यांची सगळ्यांत मोठी कामगिरी अशी की पहिली जागतिक तमिळ संशोधन परिषद एप्रिल १९६६ मध्ये भरली, ती मद्रासला नाही, मदुराईला नाही, क्वालालंपूरला. मद्रासचा नंबर दुसरा, १९६८ साली. विद्यापीठाच्या ग्रंथालयातले रामा सुब्बय्या यांनी मलेशिया-सिंगापुरात छापल्या गेलेल्या तमिळ पुस्तकांची आणि नियतकालिकांची सूची १९६९ मध्ये प्रसिद्ध केली. ती मी हाताळली आहे. मजुरांच्या समाजात इतकं छापलं गेलं होतं, यावर माझा आधी विश्वास बसेना.

मात्र त्या काळातले विद्यापीठातले भारतीय विद्यार्थी बहुतेक शहरातले आणि इंग्रजी शाळांतून आलेले. कुणाचे वडील रेल्वेत कारकून, कुणाचे इस्पितळात. मळ्यातलं मूल विद्यापीठात दिसणं तेव्हा विरळाच. १९६९ च्या वांशिक दंगलींनंतर देशाचं धोरण बदललं. विद्यापीठातल्या जागा वंशावर ठरू लागल्या आणि ती पद्धत २००२ पर्यंत चालली. भारतीयांच्या वाट्याला थोड्या जागा येत. त्याच सुमारास शिक्षणाचं माध्यम इंग्रजीचं मलय झालं. यात एक उलटी गंमत घडली. इंग्रजी शाळाच उरल्या नाहीत, त्यामुळं शहरातल्या मुलांची आघाडी थोडी कमी झाली आणि मळ्यातली हुशार मुलं हळूहळू वर येऊ लागली. जागा थोड्या, पण त्यात बसणारी मुलं बदलली. माझ्या मते पेरवैची खरी वाढ इथून सुरू होते. आधी तमिळ हा वारसा म्हणून जपणाऱ्यांची ती सभा होती. आता तमिळमध्येच अक्षर ओळखलेल्या मुलांची ती झाली.

दुसरीकडं १९७१ साली विद्यापीठांसाठी एक कायदा झाला आणि १९७५ मध्ये तो आणखी कडक झाला. विद्यार्थ्यांनी राजकीय पक्षात जायचं नाही, त्यांच्या संघटनांनी बाहेरच्या पक्षांशी वा संस्थांशी संबंध ठेवायचा नाही. पैसा जमवायलाही परवानगी लागे. २०१२ मध्ये तो थोडा सैल झाला, पण मी होते तेव्हा तो पुरता लागू होता. मळे विकले जात होते, रबराच्या जागी ताडतेलाची झाडं किंवा घरांच्या वसाहती येत होत्या, चाळींतली माणसं बाहेर काढली जात होती, आणि या मुलांना त्याविषयी पत्रक काढता येत नव्हतं. मग काय करता येत होतं? कथा लिहिता येत होती.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेरवैनं कथास्पर्धा सुरू केली. नाव साधं, ‘पेरवै कदैगळ’, पेरवैच्या कथा. एक गट विद्यार्थ्यांचा आणि दुसरा सर्वांसाठी खुला. निवडक कथांचं दर वर्षी पुस्तक निघतं. खुल्या गटाचा निर्णय कुणाच्या डोक्यातून आला ते मला कळलं नाही, पण तो भलताच शहाणपणाचा होता. कारण त्या देशात तमिळ कथा लिहिणारी माणसं वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पानांवर तयार झाली होती. ‘तमिळ नेसन’ या दैनिकानं १९५० च्या सुमारास चक्क ‘कथावर्ग’ चालवला होता. वाचकांना कथा लिहायला शिकवायचं, त्यांच्याकडून लिहून घ्यायचं. शिक्षक, कारकून, मळ्यावरची माणसं त्यातून लिहू लागली. १९२४ साली निघालेलं हे दैनिक २०१९ मध्ये बंद पडलं. पेरवैनं स्पर्धा खुली ठेवली म्हणून ही माणसं आणि विद्यापीठ यांच्यात एक दार उघडलं.

ते दार मी प्रत्यक्ष पाहिलं, १९९७ साली. इंडोनेशियातल्या जंगलांच्या वणव्यांचा धूर तेव्हा क्वालालंपूरवर आठवडेच्या आठवडे साचला होता. बागेत काम करणं अशक्य झालं, म्हणून मी तंबीला शोधत ‘पर्दानासिस्वा’ नावाच्या विद्यार्थ्यांच्या इमारतीत गेले. प्रधानशिष्यच की तो! तिथल्या एका खोलीत हा आणि चार-पाच मुलं-मुली जमिनीवर बसली होती आणि पुढं साबणाची दोन मोठी खोकी पाकिटांनी भरलेली. स्पर्धेसाठी आलेल्या कथा. बहुतेक हातानं लिहिलेल्या. कुणी वहीची पानं फाडून लिहिलेल्या, कुणी मळ्याच्या हिशेबाच्या कागदांच्या पाठीमागं.

अडचण अशी होती की परीक्षकांना लेखकाचं नाव कळता कामा नये. प्रत्येक कथेला नंबर द्यायचा, नावाचा कागद काढून घ्यायचा आणि नंबर-नाव अशी यादी कुणातरी एकाकडं ठेवायची. पण ती कुणाकडं? समाज लहान. प्रत्येकाचे कुणी ना कुणी मामा, मास्तर, शेजारी स्पर्धेत असायचेच. तंबीनं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, “अक्का, तुम्हाला तमिळ वाचता येत नाही ना?” मी म्हणाले, “नाही.” सगळे एकदम हसले. माझं निरक्षर असणं कुणाच्या उपयोगी पडलं, असा तो माझ्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग.

पुढचे चार दिवस मी पाकिटं फोडून नंबर घालत बसले. नावं पाकिटामागं इंग्रजी लिपीतही असायची, ती मी यादीत लिहून घ्यायची. पाकिटं फेकून न देता घरी नेली, कारण त्यांच्यावरच्या तिकिटांवर रबर, ताडतेल, कोको, मिरी अशी पिकांची चित्रं होती आणि वनस्पतिशास्त्राच्या बाईला त्यांचा मोह होणारच. एकीकडं मुलं आपापसांत बोलायची, तंबी मधून मधून मला इंग्रजीत सांगायचा. एका कथेत जपानी लोकांनी सयामच्या रेल्वेवर नेलेल्या आजोबांची गोष्ट होती. १९४२-४३ साली मळ्यांतले हजारो तमिळ मजूर त्या मरणाच्या रेल्वेवर नेले गेले आणि परत आले नाहीत. तंबीचा स्वतःचा आजा त्यातच गेला. तो हे सांगताना हातातलं काम थांबवत नव्हता.

आता माझी चूक.

निकाल लागला. खुल्या गटातलं एक बक्षीस ४७ नंबरच्या कथेला होतं. कळवायची पत्रं टाइप झाली, पाकिटांत भरली, सकाळी टपालात जाणार होती. रात्री मी यादी पुन्हा चाळत बसले होते, उगीचच, आणि छातीत धस्स झालं. यादीत ४७ दोनदा होता. एका कागदाच्या तळाशी ४७ आणि दुसऱ्या कागदाच्या सुरुवातीला पुन्हा ४७. एक नाव इपोहच्या एका निवृत्त मास्तरांचं. दुसरं क्वाला सेलांगोरकडच्या एका मळ्यावर चीक काढणाऱ्या बाईंचं. टाइप करणाऱ्या मुलीनं जे नाव आधी दिसलं त्यावर पत्र करून टाकलं होतं. ते बाईंचं होतं.

रात्री अकरा वाजता मी वसतिगृहावर फोन केला. तंबी मोटरसायकलवरून आमच्या घरी आला. परीक्षकांकडची झेरॉक्स त्यानं बरोबर आणली होती. मी तिकिटांसाठी जपलेली पाकिटं काढली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर आम्ही अक्षरं जुळवत बसलो. मला अर्थ लागत नव्हता, पण पानांच्या कडा आणि शिरा बघून झाडं ओळखायची सवय होती, ती कामी आली. ‘तमिळ’ या शब्दातलं शेवटचं अक्षर खाली वळून एक गाठ घेतं. मास्तर ती गाठ पुरी बंद करत, बाई ती उघडी सोडत. झेरॉक्सवरची सगळी अक्षरं बंद गाठीची होती.

बक्षीस मास्तरांचं होतं. बाईंची कथा पहिल्या फेरीतच मागं पडली होती.

तंबीनं बाईंच्या नावाचं पत्र पाकिटातून काढलं, एकदा वाचलं आणि फाडलं. मला वाटलं, आता हा काही बोलेल. तो एवढंच म्हणाला, “अक्का, चहा असेल तर करा.” चहा पिता पिता त्यानं दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे बाईंना स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं. कथा का मागं पडली, कुठं चांगली होती, आणि पेरवै पुढच्या महिन्यात लेखनाचं शिबिर घेणार आहे, त्याला यावं, बसचं भाडं आम्ही देऊ. बक्षीस मिळता मिळता राहिलं हे मात्र त्यात नव्हतं. ते कळवावं की नाही यावर आमचा थोडा वाद झाला. मी म्हणत होते, खरं सांगावं. तो म्हणाला, “तुमचं मन हलकं होईल. त्यांचं काय?”

दुसरी गोष्ट म्हणजे त्यानं पिशवीतून एक जाड वही काढली. दर वर्षीचा चिटणीस जाताना ती पुढच्याच्या हवाली करत असे. सभागृहासाठी अर्ज किती आठवडे आधी करावा, जाहिराती कोणत्या साडीच्या दुकानातून हमखास मिळतात, मस्जिद इंडिया रस्त्यावरचा कोणता मालक दुपारी भेटत नाही, कोणत्या परीक्षकांना कथा वेळेवर परत मागाव्या लागतात, शाळेतल्या मुलांच्या शिबिरात मधल्या सुट्टीत किती भात लागतो, असलं सगळं. मोठे विचार एकही नाहीत. तमिळ भाषेच्या थोरवीवर अवाक्षर नाही. नुसत्या चुका आणि त्यावरचे उपाय. तंबीनं त्यात एक ओळ घातली: नंबर एकट्यानं घालू नयेत, एकानं मोठ्यानं वाचावा, दुसऱ्यानं लिहावा आणि प्रत्येक पानाखाली दोघांनी सही करावी. कुणामुळं, ते लिहिलं नाही.

मला माझं वाङ्मय मंडळ आठवलं. आमच्याकडं अध्यक्षीय भाषणाच्या प्रती होत्या, पण नारळ कुठून आणला हे सुद्धा दर वर्षी नव्यानं विचारावं लागायचं.

त्या वर्षी आशियातल्या चलनांची घसरगुंडी झाली होती. रिंगिट कोसळला, दुकानदारांनी जाहिराती थांबवल्या. कथांचं पुस्तक निघतं की नाही अशी वेळ आली. मुलांनी वहीतले जुने पत्ते काढले आणि आधी शिकून गेलेल्यांना पत्रं लिहिली. त्यांतले कितीतरी जण तमिळ शाळांत शिक्षक झाले होते. त्यांनी प्रती आगाऊ विकत घेतल्या आणि आपल्या शाळांच्या कपाटात ठेवल्या. म्हणजे मळ्यातल्या शाळेतून मुलगा विद्यापीठात आला, तिथं पुस्तकाला हातभार लावला आणि शिक्षक होऊन ते पुस्तक घेऊन पुन्हा शाळेत गेला. ते वाचून एखादी मुलगी विद्यार्थी गटात कथा पाठवणार. संघाची वाढ म्हणतात ती ही. खोली तेवढीच होती.

त्या बाई शिबिराला आल्या होत्या. सकाळचं काम उरकून निघाल्या, त्यामुळं पोचायला दुपार झाली. मी लांबूनच पाहिलं, जवळ जायचं धाडस झालं नाही. पुढच्या वर्षी त्यांचं पाकीट पुन्हा आलं. त्या वेळी माझ्या शेजारी बसून एक मुलगी नंबर लिहीत होती.

२००० साली आम्ही परत आलो. कॉलेजात मी हौसेनं वही सुरू केली. दुसऱ्याच वर्षी ती हरवली. मी तिसरी दिली, ती टिकली, पण तिच्यात मुलं सुविचार लिहायला लागली. असो.

२०१४ साली मुलीकडं सिंगापूरला गेले होते, तेव्हा दोन दिवस क्वालालंपूरलाही जाऊन आले. तंबी आता एका तमिळ शाळेचा मुख्याध्यापक आहे, पण तो सहलीवर मुलं घेऊन गेला होता, भेट झाली नाही. मी एकटीच विद्यापीठात गेले. पेरवैच्या मुली दोन लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या. कथास्पर्धा चालूच होती. कथा आता बहुतेक संगणकावर टाइप होऊन येतात, मुथू नेडुमारन यांच्या ‘मुरसु अंजल’सारख्या प्रणालींनी तमिळ टाइप करणं केव्हाच सोपं करून ठेवलं आहे. अक्षर ओळखायचा प्रश्नच उरला नाही, आणि पाकिटं नाहीत म्हणून तिकिटंही नाहीत. जुनी वही कुठं आहे, हे त्या मुलींना माहीत नव्हतं. अशी काही वही होती, हेच त्यांना माहीत नव्हतं.

पण एक मुलगी नंबर मोठ्यानं वाचत होती आणि दुसरी तो लिहून घेत होती. पान संपलं की दोघी सही करत होत्या. मी विचारलं, “असं का करता?” ती म्हणाली, “असंच करायचं असतं, आंटी. आधीच्या सीनियर्सनी सांगितलंय.”

मी काही बोलले नाही. तेवढ्यात वाचणाऱ्या मुलीचा फोन वाजला आणि ती बाहेर गेली. लिहिणारीचं पान भरलं होतं. तिनं जरा वाट पाहिली, मग कागद माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, “आंटी, तुम्ही करता का सही?” मी यादी वरून खाली दोनदा तपासली आणि देवनागरीत सही केली.